खड्यांची बाटली

नको, नको, ते झाकण राहू दे आई, मला माहितीय आत काय आहे – काल होतं तेच, परवा होतं तेच, उकडलेली भाजी, तेलाचा थेंब नाही, आणि वर तुमची माया. मायेनं तरी जरा चव यावी की नाही? नाही येत. खाते हो, खाते. जरा टेकून बसवा – हां – हळू – पोट नाही, खांदा दुखतोय. ऑपरेशन पोटाचं आणि ठणकतो खांदा, आहे की नाही गंमत? पोटात म्हणे गॅस भरतात, फुग्यासारखं फुगवतात, मग बेंबीतून दुर्बीण घालतात, बाजूला दोन बारकी भोकं, आणि काम झालं की गॅस सोडून देतात. थोडा राहतो मागे, तो खांद्याला छळतो. सगळं मेलं माझ्याच खांद्यावर येऊन बसतं, आता गॅससुद्धा. वन्सं फोनवर म्हणाल्या, पित्ताशयाचं दुखणं खांद्यात जातंच, मी वाचलंय. वाचलंय ना, मग झालं! एवढी हुशार माणसं घरात असताना आपण उगाच डॉक्टरला त्रास दिला.

आणि ती बाटली – ती तिथून उचला बाई कुणीतरी. औषधांच्या शेजारी काय मांडून ठेवलीय, ढाल जिंकून आणल्यासारखी! तुमचे चिरंजीव येईल त्याच्या हातात देतात – बघा, हिच्या पित्ताशयातले खडे. लोकही बघतात हो, उजेडात धरून, हलवून, खुळखुळ वाजवून. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, माझे काळे होते, तुझे पांढरे कसे गं, आणि इतके गुळगुळीत? मी म्हटलं, माझा स्वभावच गोड, त्याला कोण काय करणार. मग त्यांनी आपली भोकं दाखवली, बरगड्यांच्या खाली, नको म्हणत असताना. आणि माझी बघून म्हणतात, अगं, तुझी एवढी खाली कशी? म्हटलं, आमच्या डॉक्टरीणबाई डावखुऱ्या आहेत. पटलं त्यांना! डावखुऱ्या माणसाबद्दल लोक काहीही मान्य करतात. तुम्ही मात्र तेव्हा पाण्याचा पेला नुसता पुसत राहिलात, चांगला कोरडा ठणठणीत झाला तरी.

काय? हो, वन्सं अजून काय म्हणणार – सल्ला दिल्याशिवाय फोन ठेवतील तर त्या वन्सं कसल्या? म्हणाल्या, खडे गेले, मोकळी झालीस, आता दुसऱ्याचं मनावर घ्या, चिमणीला भाऊ नको का? म्हटलं, घेते की, नळ्या तेवढ्या दवाखान्यात राहिल्यात, टाके काढायला जाईन तेव्हा मागून आणते आणि –

नाही म्हणजे – त्यांना नाही हो म्हटलं. मनात म्हटलं. आत्ता तोंडातून –

असं बघू नका माझ्याकडे. बसा. नाही, उभ्याच राहा, तुम्ही बसलात की मला रडू येईल. पित्ताशय आहे माझं जागेवर, ठणठणीत आहे, त्याला बिचाऱ्याला या कशाची गंधवार्ता नाही. गर्भनळ्या काढल्या. दोन्ही. खडे कुंडीतले आहेत, गॅलरीतल्या. चिरंजीवांनी धुऊन आणले. पित्ताशयाचा शोधही त्यांचाच – दवाखान्यातून परत येताना, सिग्नलला गाडी उभी असताना, एवढ्याशा वेळात निदान केलं माणसानं! म्हणे, आईला सांगायचं नाही, तिला दुसरं नातवंड हवंय, तिला सोसवायचं नाही. बायकोला सोसवेल का, ते विचारायच्या आत सिग्नल सुटला होता ना.

माझी आई कशानं गेली, ते तुम्हाला नीट सांगितलंच नाही कधी. पोटाच्या आजारानं, एवढंच म्हणायचे आम्ही. तिचं पोट वाढत होतं आई. ती नाडी सैल करून बांधायची, आणि बायका हसून विचारायच्या, काय, गोड बातमी का? तीही हसायची. मी चिमणीएवढी होते, मी वर्गात सगळ्यांना सांगून आले होते, आमच्याकडे बाळ येणार म्हणून. मग मावशी गेली, तशीच. त्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चाचण्या केल्या, म्हणाल्या, हा अंडाशयाचा कॅन्सर बरेचदा नळीच्या टोकाशी सुरू होतो, तर नळ्या आत्ता काढू, अंडाशयांचं पुढे बघू. म्हटलं, काढा. एका क्षणात म्हटलं. मला भीती वाटते हो, फार वाटते. मला चिमणीची वेणी घालायचीय, ती ‘सोड मला, माझी मी घालते’ म्हणेपर्यंत.

आणि तुम्हाला का नाही सांगितलं – ह्यांच्यावर ढकलून मोकळी होतेय मी, पण ‘हो’ मीही म्हटलंच की त्या पित्ताशयाला. तुमचं तोंड उतरलेलं बघायची हिंमत नव्हती. आई म्हणून हाक मारायला मला दुसरं आहे कोण? तुम्ही रागावलात तर ती हाकही गेली माझी. आता रागवा. रागवा ना! काहीतरी बोला – वन्संना फोन करायचा तर करा, माझ्यासमोर करा –

कुठे निघालात? बाटली कशाला? अहो, फेकू नका, त्या काकू संध्याकाळी बहिणीला घेऊन येणार आहेत दाखवायला – गॅलरीत? आई, ओणवं होऊ नका, कंबर धरेल तुमची –

इतक्या कुंड्या आहेत तिथे. बरोबर कोरफडीच्याच कुंडीत ओतलेत. कुठल्या कुंडीतले ते मी कुठं सांगितलं होतं?

तुम्हाला माहीत होतं.

पहिल्याच दिवशी ना? तुम्हीच तर कोरफडीभोवती हातानं मांडले होते ते खडे – आणि आमचे महाशय नेमके त्याच कुंडीत हात घालून आले! म्हणजे मला पुसून काढताना, कपडे बदलताना, भोकं कुठं आहेत ते बघताना – सगळं कळत होतं, आणि तरी रोज हे उकडलेलं? मुद्दाम? मी कधी तोंड उघडते त्याची वाट बघत होतात? आई, कमाल आहे तुमची! मी म्हणत होते, भोळ्या आहेत बिचाऱ्या.

ते ताट का उचललंत? आणि स्वयंपाकघरात कशाला नेताय? – कढईचा आवाज आहे तो. तेल ओतताय. ऐकू येतंय मला इथं.

घाला हो, चांगलं घाला, हात आखडू नका. आणि ती उकडलेली भाजी टाकून देऊ नका – चिरंजीव घरी आले की त्यांच्या पुढ्यात ठेवा. उद्याही तीच. पित्ताशय त्यांनीच शोधलंय, पथ्यही त्यांनीच करू दे. दार लोटून घ्या आता. जरा पडते मी.