नाव घे, मंग वडे देतो

माहं माहेर नवेगाव बांधच्या अंगाले, आमी कोहळी लोक, पान्याचे तरे बांधनारे, आन धान उभा असतानीच वावराच्या बांधीतल्या ओलीत लाखोरीचं बी फेकनारे. नांगर नाई, पानी नाई, तरी उगवते, असी ते लाखेची डार. तिचे वडे मले मायनं सिकवले, रातभर भिजू घाल, सकारी ते पानी फेक, दोनदा धू, मंगच वाट. पानी फेकाले इसरली तं माय पाट्यावरून उठवे, म्हने, पोरी, पायात येते ते.

लगन होऊन तिरोड्याले आली. आमचे मालक राइस मिलवर पोते उचलत, त्याईची पाठ गेली तवा, म्हनजे नव्व्यान्नव सालात, मी बजारात वड्याची कढई मांडली. आन काय सांगू तुमाले, लाखोरी विकाले बंदी होती. पेराले कोनी अडवे नाई, घरी खाले कोनी अडवे नाई, पर विकाची नाई. म्हनत, रोज तेच खाल्लं का पाय लुळे पडते, आन ते खोटं नाई, माह्या आज्यानं दुष्कारात तेच खाल्लं, तो काठीवर चाले. पर मुंबईत बसून कायदा करनाऱ्यानं कोनाले इचारलं का, बाई, तू पानी फेकते का? व्यापारी तिले चन्याच्या बेसनात मिसरवत, आन मीबी पाटीवर लिवलं, चन्याचे वडे. गिऱ्हाईक जानून होते, हरूच कानात म्हनत, बाई, ते वडे दे. ते म्हनजे ते! मी हासो, पर घरी आली का लाज वाटे. मायचं सिकवलेलं आन सवतीच्या नावानं विकून राहिली ना मी.

मंग एक डाव शेतीवाल्या साहेबाईची सभा झाली. कमी जहराची नवी लाखोरी आली, बंदी ठेवाची का उठवाची, असं इचारून राहिले होते. चहासंग माहे वडे मंगवले. एक चष्मेवाला मोठा साहेब वडा हातात घेऊन म्हने, किस चीज का है बाई, खुशबू बहोत अच्छी है. चन्याचा, असं जिभेवर आलंच होतं. मालक मांगून डोरे दाखवत, कढई गेली तं घरची चूल कायनं पेटनार? पर मले मायचा पाटा दिसला. म्हनली, लाखोरीचा. साहेबानं वडा खाली ठेवला.

आता गेलीच म्हना कढई, असं समजून मी बोलत सुटली, रातभर भिजवली साहेब, पानी फेकलं, दोनदा धुतली, हे लिवलं का कोनी कायद्यात? तो उलीसा हासला, म्हने, फिरसे बताओ, आन मी सांगू तसं वहीत लिवून घेतलं. मंग वडा खाल्ला. दुसराबी मांगला.

माह्यानं बंदी उठली असं नाई म्हनत बा मी. मोठे लोक भांडले, कागद फिरले, बरसं गेले. पर उठली. त्या दिसी मालकानं पाटी पुसली, सून खडू घेऊन बसली, म्हने, आई, काय लिवू? लगनात मालकाचं नाव घेतानी लाजली नाई एवढी लाजली मी. म्हनली, लिव, लाखोरीचे वडे.

जुनं गिऱ्हाईक अजूनबी कानाजवर येऊन म्हनते, बाई, ते वडे दे. मी म्हनतो, कोनते ते? नाव घे, मंग देतो.

तुमीबी हे लिवसान तं लाखोरीचं नाव घेऊन लिवा भाऊ, आन पानी फेकाचं इसरू नोका. घ्या, गरम आहेत तवरी खा.