पंचेचाळीसची तबकडी

...आणि वर मलाच विचारतो हो तो पेपरवाला, "एवढं दुःख आणलंत कुठून, मिस्टर हॉजेट्स?" दुःख? अहो, कसलं दुःख! एकवीस वर्षांचा होतो मी, विलेनहॉलला कुलपांच्या कारखान्यात कामाला, शनिवारी नाच, आणि ग्लेनिस नावाची पोरगी माझ्याकडे ढुंकून बघत नाही, एवढीच काय ती अडचण! तिच्यासाठी गाणं केलं, 'ग्लेनिस, दार उघड'. उड्या मारायचं गाणं हो! चौघांनी मिळून अख्खा अल्बम काढला, आणि छापणाऱ्यांनी काय करावं? तबकडी केली मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाची आणि मधल्या गोल कागदावर छापलं तेहेतीस! आटोपला कारभार! पंचेचाळीसची तबकडी हो, तेहेतीसवर!

म्हणजे काय होतं, तुम्हाला सांगतो... माझा आवाज मुळात बारीक, चिरका. तेहेतीसवर तो खोल विहिरीतून येतो. 'ग्लेनिऽऽस... दाऽऽर... उघऽऽड...' ऐकणाऱ्याला वाटतं, आत बाई गेली की काय! तेव्हा त्या तबकडीला कुत्रं विचारेना. आणि आता, पन्नास वर्षांनी, हा लंडनचा क्रिस्पिन, पेपरात गाण्यांवर लिहितो, त्याला जुन्या सामानाच्या दुकानात ती सापडली, आणि लिहितो काय? "मानवी निराशेचा कळस!" आमच्या केनच्या ड्रमवर तर, "मरणाऱ्याची नाडी!" अहो, केनला शेवटची बस गाठायची होती, म्हणून बदडत सुटला होता तो! पण सांगणार कुणाला? आता आमच्या भागात माणूस गेलं, की अंत्यविधीला आधी पाद्री आणि मग मी, तेहेतीसवर!

केन म्हणतो, "नेव्ह, गप बस ना लेका, म्हातारपणी नाव होतंय ते होऊ दे." होऊ दे काय? माझं म्हणणं एवढंच, की मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, लोकांनी माझं खरं गाणं ऐकावं. फार मागतोय का मी?

तर परवा लायब्ररीच्या हॉलमध्ये अल्बमची पन्नाशी. क्रिस्पिनचं भाषण संपता संपेना. मग मला म्हणाले, गा. गायलो! माझ्या चालीत, माझ्या आवाजात! पहिल्या रांगेत कुजबुज, "हा कोण? खरा गायक वारला वाटतं?" क्रिस्पिन खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "वयानं आवाज बारीक होतोच, मनाला लावून घेऊ नका." वयानं? अहो, जन्मल्यापासून बारीक आहे!

डोकंच फिरलं माझं. सरळ गेलो तिथल्या रेकॉर्ड प्लेअरपाशी आणि लावली तबकडी पंचेचाळीसवर! काय सुटलं हो गाणं... मी तर गुडघ्याची पर्वा न करता नाचायला लागलो! बघतो तर कुणी हलेना. एक बाई उठल्या, कोटाची बटणं लावत म्हणाल्या, "बंद करता का ते? माझ्या वॉल्टरला याच गाण्यावर निरोप दिला मी. हे... हे त्याची टिंगल केल्यासारखं वाटतं."

मीच बटण मागे फिरवलं. 'दाऽऽर... उघऽऽड...' सगळा हॉल डोळे पुसतोय, आणि खोटं कशाला बोलू, मीही.

परतताना बसमध्ये ग्लेनिसला, हो, त्याच ग्लेनिसला, बायकोच ती आता, म्हटलं, "जाऊ दे गं. तू तरी खरं गाणं ऐकून दार उघडलंस ना? बास झालं मला." बाई खिडकीबाहेर बघतायत.

"ग्लेनिस?"

"अरे नेव्हिल, मला कुठे माहीत होतं? कागदावर तेहेतीस होतं, लावली तेहेतीसवर. ढसाढसा रडले. म्हटलं, एवढं दुःख पोटात घेऊन फिरणाऱ्याला बाहेर थंडीत कसं उभं ठेवायचं? म्हणून उघडलं दार... आणि मग तू तोंड उघडलंस."

"मग लावून का नाही घेतलंस दार?"

"चहा टाकला होता ना रे! ओतून द्यायचा का?"

पन्नास वर्षं झाली, तुम्हाला सांगतो... तोच चहा पितोय मी.