चाळणीला मोटार

(नांदुऱ्यातलं देवानंदचं मोटार-पंपांचं दुकान. काउंटरवर एक बुटकी मोटार. समोर जनकाबाई आणि तिचा मुलगा प्रसेनजित.)

जनकाबाई : अन् याले पट्टा कोठी लावता?

देवानंद : हिले पट्टाच नसते, मावशी.

जनकाबाई : मंग चाळणी फिरवते कशानं?

देवानंद : फिरवत नाही, थरथरवते. थांबा, झाकण काढून दाखवतो. हे पाहा, दांडीच्या दोन्ही टोकाले लोखंडाचे दोन-दोन वजनं. एका अंगानं जड. मुद्दाम.

जनकाबाई : म्हणजे बिघडवूनच बनवली?

देवानंद : तसंच समजा. धुण्याच्या मशीनमधी गोधडी एका बाजूले गोळा झाली, की मशीन कशी नाचते?

जनकाबाई : माही पोरगी प्रतीक्षा, तिच्या घरची नाचते ना! मोरीतून बाहेर येते.

देवानंद : बस, तोच नाच आपण बोल्टानं चाळणीले बांधतो.

प्रसेनजित : आई, तुले काऊन पाहिजे हे सगळं? देवानंदभाऊ, हे खेळणं ठेवा आत. थ्री फेजची मोठी दाखवा.

देवानंद : मोठी तर तू बसवली होती ना मागं?

प्रसेनजित : ती सेकंडहँड होती. सिमेंटच्या विटा बनवणाऱ्याची.

जनकाबाई : सांग ना पुढचं. नाही, मीच सांगते. बटन दाबलं अन् तूर पत्र्याले जाऊन भिडली. चाळणी चालत चालत दारापावतर गेली. हा धराले गेला, तं हाही तिच्यासंग हालू लागला! तूर सगळी शेजारच्या मंजुळाबाईच्या कोंबड्यांनी खाल्ली.

प्रसेनजित : हास तू. विहिरीवर आपण एक नंबर मोठीच मोटार घेतो का नाही? व्होल्टेज पडलं तरी पाणी ओढते. मले वाटलं, इथंही तसंच.

देवानंद : तिथंच आपल्याकडचे सगळे फसतात, बापा. पंपाले हॉर्सपॉवर विचाराची, हिले झटक्याचे किलो विचाराचे. चाळणी अन् तिच्यावरचा दाणा मिळून जेवढं वजन, त्याच्या चार-पाच पट झटका पाहिजे. जास्त झाला तं दाणा उडते, सांधे तुटतात. कमी झाला तं दाणा जागचा हालत नाही. चाळणी केवढी हाये?

जनकाबाई : हा एकटा उचलते, तेवढी.

देवानंद : अन् दाणा?

जनकाबाई : तूर, हरभरा. पेराचं बियाणं. पोचट, फुटकं, किडकं निवडून द्याचं. गावातल्या बाया माह्याकडंच आणतात. जनकाबाईच्या हातचं बी उगवते म्हणतात.

देवानंद : मंग ही लहानीच पुरते. घरच्या लाइटवर चालते, सिंगल फेजवर.

प्रसेनजित : थ्री फेज काऊन नको? जोर असते त्यात.

देवानंद : थ्री फेज तुह्या वावरात. तेही पाळीनं. मावशी काय चाळणी घेऊन वावरात जाईल?

प्रसेनजित : आई कशाले जाईल? चाळणीवर माणिकरावले ठेवतो. ते रिकामेच हायेत. आईनं आता आराम कराचा. तिचा उजवा खांदा पाहा. संध्याकाळी शेक घेते, अन् सकाळी पुन्हा सूप हातात!

जनकाबाई : मले न विचारता माणूसही पाह्यला?

प्रसेनजित : तुह्याच भल्यासाठी ना, माय!

जनकाबाई : हाव, भल्यासाठीच. खांदा दुखते, तेही खरं. पण माणिकरावजवळ कोण बाई घडीभर बसन? माह्याजवळ बसतात. बियाणं निवडता निवडता बोलतात. वावरात गेली चाळणी, तं माह्या अंगणात कोणी येणार नाही. मले खांद्याचं भेव नाही, बापू. रिकामं बसाचं भेव वाटते.

प्रसेनजित : असं कधी बोलली नाहीस तू.

जनकाबाई : तू हॉर्सपॉवरच विचारत होता.

देवानंद : मावशी, हिच्यावर हात ठेवा. चालू करतो.

जनकाबाई : अगो बाई! कोपरापावतर मुंग्या आल्या. अन् आवाज तं भुंग्यावाणी. कमी-जास्त होते का हे?

देवानंद : होते. बंद करून हे वजनं एकमेकांपासून सरकवले, की झटका कमी. दोन्ही टोकाचे सारखेच सरकवाचे मात्र, नाही तं चाळणी वाकडी चालन. अन् घंटाभर चालली, की थांबवून सगळे बोल्ट पुन्हा कसाचे.

जनकाबाई : ते काऊन?

देवानंद : जे हालवते ते ढिलंही करते, मावशी.

जनकाबाई : मंग पहिले कमीच ठेवा. हरभऱ्याची दाळ झाली, तं पेराचं काय?

प्रसेनजित : भाऊ... चाळणीखाली रबर बसवू का स्प्रिंग?

देवानंद : स्प्रिंग. चारही सारख्या. म्हणजे मोठी आतच ठेवू?

प्रसेनजित : ठेवा. आई, खाली बस बरं जरा.

जनकाबाई : काऊन? थकली नाही मी.

प्रसेनजित : अंगणात चाळणीजवळ बसतेस तशी बस. बटन कुठं लावू, ते पाहतो. तुहा डावा हात पुरला पाहिजे.