मागच्या टेबलावरची बाई

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी होत्या. धाकटी पेपरात सिनेमांची परीक्षणं लिहीत असावी.

“ताई, त्या जुन्या गुन्हेपटाचे तिन्ही भाग नव्याने स्वच्छ करून आलेत ना, ते मी घरी पाहिले. तिसऱ्या भागात हॉटेलचा सीन आहे. मागच्या टेबलावर बाबा बसलेत.”

“काहीतरीच! बाबा सिनेमात कशाला जातील?”

“गर्दी दाखवायला शूटिंगवाल्यांनी खरी गिऱ्हाइकंच बसवून ठेवली होती. जुन्या प्रिंटमध्ये तिथे नुसता अंधार होता. आता शेजारची बाईसुद्धा दिसते. बाबा तिच्या उष्ट्या कपातून कॉफी पिताहेत.”

“बाबा? आणि उष्टं? मग आईच असेल ती.”

“शूटिंग चाललं तेव्हा आई माहेरी होती. तुझ्या वेळची बाळंतीण.”

“परीक्षणात काय लिहिलंस?”

“पहिले दोन भाग लख्ख झालेत, तिसरा धूसरच राहिलाय, पाहू नका.”

“बरं केलंस. आई तुझं अक्षर न् अक्षर वाचते.”

“वाचलं तिने. सकाळीच फोन आला.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘मी कालच तिन्ही भागांचा सेट आणून पाहिला. मला तर सगळं स्वच्छ दिसलं. तुम्ही दोघी त्यांना कधीपासून सामील आहात?’”