बावखलावरच्या बाईचा मूळ फोटो

मी क्लेमेंटीन इनास तुस्कानो, वय ७६ वर्षे, धंदा वाडीची शेती व घरकाम, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा पालघर.

आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर माझी भाची शर्ली हिच्यासोबत राहते. माझी आई रोझा ही मी नऊ वर्षांची असताना तापाने वारली. तिचा एकही फोटो घरात नाही. माझा भाऊ सॅन्टन याच्या पहिल्या कम्युनियनला फोटोग्राफर घरी आला होता. त्या फोटोत बाप आहे, आजी आहे, मी आहे, शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा आहे. आई आत चुलीशी होती. तिला हाक मारली तेव्हा ती "आले" म्हणाली होती. सॅन्टन गेल्या पावसाळ्यात वारला. आईला पाहिलेलं माणूस आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

यंदा ईस्टर झाल्यावर शर्लीने तिच्या फोनवर मला एक फोटो दाखवला. जुन्या वसईचे फोटो टाकणारं कुठलंसं पान आहे, त्यावर तो आला होता. बावखलाच्या काठावर एक बाई उभी, डोक्यावर हंडा, मागे केळी. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. लिहून घेणारे हवालदार साताऱ्याकडचे असल्याने हे सांगावं लागलं. फोटो काळापांढरा होता, तरी तिचं लुगडं लाल आहे हे मला दिसलं. मी म्हटलं, "शर्ली, ही माझी आई."

आमचंही असंच बावखल होतं. आई तिथून हंडा घेऊन यायची आणि मी मागून तिच्या ओल्या पावलांवर पाय ठेवत यायचे. उन्हाने पावलं वाळायच्या आत घर गाठायचं असा माझा खेळ होता. ती मागे न बघता म्हणायची, "क्लेमे, पडशील." ते बावखल बुजवून तिथे इमारत झाली. तिथला वॉचमन मला सांगतो की इथे पाणी कधी नव्हतंच. पावसाळ्यात त्याच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी भरतं तेव्हा मी मुद्दाम तिथून जाते. याचा तक्रारीशी संबंध नाही, असं हवालदारांचं म्हणणं पडलं. संबंध आहे, म्हणून मी लिहायला लावलं.

शर्लीला खात्री नव्हती. तिने फोनमधल्या त्या सगळं सांगणाऱ्या यंत्राला फोटो दाखवून विचारलं. त्याने लगेच उत्तर दिलं की फोटो साधारण १९५५ सालचा, वसई भागातला, अस्सल वाटतो. मला एवढं पुरलं नाही. आमच्याकडे बातमी खरी करायची रीत वेगळी आहे. लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. माझ्या लहानपणी हरकत घ्यायला माणसं टपून बसलेली असायची. कोणाचा आजा कुठून आला, कोणाची जमीन कोणी लाटली, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्यापुढे खोटं टिकायचं नाही.

म्हणून मी त्याच रीतीने केलं. तीन रविवार मिस्सानंतर चर्चच्या आवारात फोन घेऊन उभी राहिले आणि येईल त्याला दाखवला, ही माझी आई, कोणाची हरकत आहे का? कोणी घेतली नाही. उलट सगळे म्हणाले, वा, किती छान. हरकत घेणारे सगळे पलीकडे कबरस्तानात आहेत हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मी फोटो मोठा करून घरातल्या आल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यावर, लावला. आईच्या नावाने मिस्सा अर्पण केला. रोज सकाळी तिच्याशी बोलत असे. मला फार बरं वाटत होतं, हे लिहावं.

जूनमध्ये जवळच्या राजोडी गावची, माझ्या जुन्या ओळखीची कॅथरीन माझ्या घरी आली. आल्तारावर बघून म्हणाली, "ही माझी आजी इथे काय करते?" तिच्याही घरी तोच फोटो फ्रेममध्ये आहे. आमची बाचाबाची झाली. तिची आजी ठेंगणी होती हे मला माहीत आहे आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलं. तेव्हा शर्ली म्हणाली, "आत्या, जुन्या फोटोमागे नाव लिहिलेलं असतं. मूळ फोटो मागवू, म्हणजे वादच मिटेल."

पान चालवणारा इसम कल्पेश हा विरारला राहतो. शर्लीने त्याला विचारलं, तर मूळ फोटो नाहीच असं तो म्हणाला. माझ्या आईचा फोटो तो दडवून ठेवतो आहे असं समजून मी येथे तक्रार अर्ज दिला.

आज कल्पेश यास बोलावण्यात आलं. पोरगा वाईट नाही. त्याने मला बसायला खुर्ची दिली. तो म्हणाला, "आजी, खरंच सांगतो, ही बाई कोणीच नाही. मी फक्त टाइप केलं, एआयने बनवली. लोकांना जुनं आवडतं ना, म्हणून टाकतो." मी विचारलं, "मग बावखल कोणाचं?" तो म्हणाला, "ते पण नाही."

माझा विश्वास बसेना, म्हणून त्याने याच टेबलावर फोनमध्ये दोन ओळी लिहिल्या. हवालदारांनी दिलेलं पाणी पिऊन होईपर्यंत चार बाया आल्या. लुगडं, हंडा, केळी सगळं होतं. चौघीही मला आईसारख्या दिसल्या. मी घाबरले.

कल्पेश म्हणाला, "आजी, तुमची आई कशी दिसायची ते सांगा, मी फुकट बनवून देतो." मी सांगायला लागले. नाक सांगितलं, ते फोटोतल्या बाईचं निघालं. हनुवटी सांगितली, तीही तिचीच. पूर्वी आईचा चेहरा मला पुरता आठवत नसे, पण जेवढा आठवे तेवढा आईचाच होता. चुलीत फुंकर घालताना तिचे गाल फुगत. आता डोळे मिटले तर ती बाई चुलीशी बसलेली असते.

कॅथरीनला यातलं मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगावं की नाही ते मला समजत नाही.

काय चोरीला गेलं, असं मला विचारण्यात आलं. मी आईचं नाव, वय आणि गाव सांगितलं. वर्णन देता आलं नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने, मला कमी ऐकू येतं म्हणून दोनदा वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच लिहिला आहे. शेवटी "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" असं एक वाक्य होतं. ते मी खोडायला लावलं आणि मग सही केली.