चेअरमनची अंदमानची रोपं

"लक्ष्मीबाई, एक घागर पाण्यानं तुमचं काय बिघडतंय?" आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन साऱ्या बायकांसमोर माझ्यावर ओरडत होते. ऐन दुष्काळात हे महाशय अभ्यास दौरा म्हणून अंदमानला गेलते. येताना नारळाची रोपं आणली, सोसायटीच्या दारात लावली आणि हुकूम काढला, की रोपांना घागरभर पाणी घालेल तिचंच दूध घेणार.

"तिथं लई पाऊस!" ते सांगत होते. "दुपारी धो धो पडतो आन् घटकाभरात लख्ख ऊन. थंडी तर ठाऊकच न्हाई. सगळं हिरवंगार!"

"मग तिथली झाडं इथं कशापायी आणली?" मी विचारलं. "आमचा टँकर चार दिवसांनी येतो. नारळाला पाणी घालून म्हशीला काय पाजू?"

"म्हशीचं बघू नंतर. रोपं जळली तर लोक माझ्या दौऱ्याला हसतील."

एवढं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मापाला लावलेला दुधाचा कॅन मी परत उचलला आणि म्हणाले, "चेअरमन, उद्या सकाळी माप घेऊन त्या नारळाखालीच बसा, अन् त्याचीच धार काढा."