काचेवरचं कुंकू

चूक कळूनही ती दाबून ठेवणारी माणसं चोरापेक्षा वाईट, हे आधीच सांगून टाकते!

आंदर मावळातल्या एका वाडीवर आम्ही बोअरमध्ये प्रकाशाने खडक तपासणारं यंत्र सोडलं. खडकावर उजेड टाकून ते त्याचा रंग आणि भेगा टिपतं. ओली भेग सापडली, तरच वाडीला हातपंप मिळणार होता. पण तळापर्यंत सगळं तांबडंच दिसलं. आमच्या पथकाच्या सरांनी लगेच ऑफिसला कळवलं, "तांबड्या मातीचा थर. पाणी नाही. बोअर रद्द."

यंत्र वर काढलं, तर त्याच्या उजेडाच्या काचेवर कुंकवाचा मळवट! सोडण्याआधी वाडीतल्या ठकूमावशींनी त्याची पूजा केली होती. आम्ही चार शिकलेली माणसं हात जोडून उभी होतो; काच एकालाही आठवली नाही.

मी ती पुसून यंत्र पुन्हा सोडलं. काळ्या खडकात ओली भेग लख्ख दिसली.

"सर, रिपोर्ट बदला ना!"

"अगं, कळवून झालंय. आता बदललं तर आपली चूक दिसेल."

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी पुढे आल्या.

"दिसू द्या की चूक, सायेब. तिच्यामागं आमचं पानी बी दिसंल."